न थांबलेल्या अक्षता

गाडीचे दार उघडले तेव्हा बँड वाजत होता. त्रिंबकरावांचा एक पाय वळसंगच्या तापल्या मातीवर टेकला होता, दुसरा अजून गाडीच्या गारव्यात होता, आणि त्या अधांतरी क्षणी त्यांना कळले की आत अक्षता पडून गेल्या आहेत. बँड अक्षतांनंतर वाजतो. हे कळायला आठ वेळा आमदार व्हावे लागत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांत या तालुक्यातल्या कुठल्याही मांडवाने त्यांच्याआधी बँड वाजवला नव्हता. मुहूर्त पंचांगात असे आणि खरा मुहूर्त त्यांच्या गाडीत. त्यांचा माणूस गुरुलिंग वाटेवरून फोन करी, ‘तात्या निघाले’, आणि पलीकडे मंगलाष्टका लांबू लागत. भटजी नद्यांची नावे पुन्हा एकदा घेत, माईकवाला पाहुण्यांची नावे फिरून पहिल्यापासून सुरू करी, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येत, आणि सारा मांडव मुठीत अक्षतांची, हळदीत रंगवलेली ज्वारी धरून घामेजत उभा राही. म्हणून त्रिंबकराव आत शिरत तेव्हा नमस्कारासाठी जुळलेले तळवे पिवळे झालेले असत. त्या पिवळेपणाकडे ते न चुकता पाहत. कुणाला कधी सांगितले नव्हते, पण माणसे आपल्यासाठी किती वेळ ताटकळली हे ते त्या रंगावरून वाचीत, आणि मतपेटीवर ठेवला नसता एवढा विश्वास त्यावर ठेवीत. आज समोर आलेले तळवे स्वच्छ होते. ज्वारी पायांखाली करकरत होती.

मुलीचा बाप कोंडीबा गर्दीतून वाट काढत आला. पंचायत समितीला त्रिंबकरावांच्या शब्दावर उभा राहिलेला आणि त्यांच्याच शब्दावर निवडून आलेला हा माणूस. त्याने टॉवेल-टोपी हातात दिली, फेटेवाल्याला हाक मारली, आणि नजर फेट्याच्या घड्यांवर ठेवूनच म्हणाला, “तात्या, म्हूर्त टळाय लागला हुता. भटजी आयकंना.” त्रिंबकराव हसले. पोरीचा मुहूर्त आधी, आम्ही काय, आम्ही कधीही येणारच, असे काहीसे म्हणाले. आणि बँडवाल्याकडे वळून विचारले की हे नवरदेवासाठी चाललेय की आमच्यासाठी. माणसे हसली. ते हसू थोडे लवकर थांबले असे त्यांना वाटले. कुणीतरी त्यांच्या तळहातावर उरलेली चिमूटभर ज्वारी ठेवली आणि त्यांनी ती वधूवरांवर टाकली, पाऊस पडून गेलेल्या शेतात कुणी ओंजळभर पाणी शिंपडावे तशी. नवरी खुर्चीला टेकून लिंबूसरबत पीत होती. माणसे पंगतीकडे वळत होती. बुंदीचा, वांग्याच्या भाजीचा आणि तापलेल्या कापडी छताचा मिसळलेला वास त्यांच्या नाकात शिरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या लग्नात त्यांना आपण पाहुणे आहोत असे वाटले.

गाडी परत सोलापूरच्या रस्त्याला लागली. पुढच्या सीटवर गुरुलिंगची मान होती. उन्हाने रापलेली, सुरकुत्यांची, कानामागे विभूतीचा पुसट पट्टा राहिलेली ती मान ते इतकी वर्षे पाहत आले होते की ती त्यांना आपल्याच शरीराचा न दिसणारा भाग वाटे. आज ती त्यांना वेगळी दिसली; म्हणजे दिसली. या मानेला पुढे एक चेहरा आहे, आणि तो या क्षणी काय करतो आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असा एक साधाच विचार त्यांच्या मनात आला आणि निघेना. “फोन केला होतास ना?” त्यांनी विचारले. “केलो की. कुंभारीपासनंच केलो,” गुरुलिंग मागे न वळता म्हणाला, “‘हां हां’ म्हणला कोंडीबा.” मघाशी फेटा बांधून घेताना त्रिंबकरावांनी कोंडीबालाही हेच आडून विचारले होते, आणि कोंडीबा म्हणाला होता, फोन आला असेल, पण मांडवात बँडवाल्यांची तालीम चाललेली, कुणाला ऐकू येतेय. एक म्हणत होता ऐकला, दुसरा म्हणत होता ऐकू आला नाही. दोघांत खोटा कोण, हा प्रश्न क्षुल्लक होता. खिडकीबाहेर विडी कामगारांची घरे मागे पडत होती, सारखी, एकाच मापाची, उन्हात पांढरी झालेली, आणि त्या घरांसारखाच एकामागून एक, एकाच मापाचा संशय त्यांच्या मनात उभा राहू लागला.

कारण हे दिवसच तसे होते. निवडणूक दिवाळीच्या आसपास व्हायची होती, पण या वेळी पक्षाने नावे उन्हाळ्यातच नक्की करायचे ठरवले होते, आणि यादी आज-उद्याकडे निघेल असे मुंबईहून सांगणारे सांगत होते. त्रिंबकरावांचे नाव नवव्यांदा त्या यादीत यायचे होते. यायचेच होते, तरी ‘नवा चेहरा’ हा शब्द गेले दोन महिने हवेत तरंगत होता, सुरतेहून आलेल्या सुताच्या धुरळ्यासारखा, कुणी उडवला ते न कळता सगळ्यांच्या नाकात जाणारा. शरीर शाबूत होते. रोज पहाटे ते तलावाला फेरी मारीत, जिने चढत, सभेत तासभर उभे राहत. तिकीट गेले तर पुढे काय, याचे चित्र त्यांना काढताच येत नसे. आमदारकीच्या आधीचा त्रिंबक त्यांना आठवत नव्हता, आणि नंतरचा कुणी असेल असे वाटत नव्हते. त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती, की राजकारणातली पडझड आधी पेपरात येत नाही. ती आधी मांडवात येते. चहा एक कप कमी येतो. खुर्ची तीच असते, पण ती पुसायला कुणी धावत नाही. माणसांना आतून आधी कळते, जसे मुंग्यांना कळते, आणि ज्याचे घर बुडायचे त्याला शेवटी कळते.

हे त्यांना ठाऊक होते, कारण त्यांनी ते एकदा अगदी जवळून पाहिले होते. रावसाहेब तेव्हा आमदार होते आणि त्रिंबक त्यांच्या मागे चालणारा, नुकताच पदवीधर झालेला, सभेत चार कविता फेकून टाळ्या घेणारा तरणा. एका शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक मास्तरांनी माईक रावसाहेबांच्या आधी त्रिंबकच्या हातात दिला होता. चूकच होती ती. मास्तर गोंधळलेले होते. त्रिंबकने तो माईक रावसाहेबांकडे सरकवायला हवा होता. त्याने घेतला. दोनच मिनिटे बोलला. बोलताना बाजूला पाहिले तर रावसाहेब टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचे डोळे टाळ्यांच्या पलीकडे, अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे लागले होते, जणू ते झाड कुठून तोडायला सुरुवात होईल याचा अंदाज घेत होते. पुढच्या निवडणुकीला तिकीट त्रिंबकला मिळाले. त्याने मागितले नव्हते. हे ते पुढे हजारदा सांगत आले आणि ते खरेही होते. मागितले होते ते गुरुलिंगने.

गुरुलिंग मूळचा अक्कलकोटकडचा. पहिल्या प्रचारात तो भोंगा लावलेल्या टेम्पोत बसून मराठीत आणि कानडीत ओरडायचा, आणि दोन्ही भाषांत त्याचा आवाज सारखाच खरा वाटायचा. तेव्हापासून तो त्रिंबकरावांचे तोंड झाला. या धंद्यात स्वतःच्या तोंडाने मागायचे नसते. ज्याने ‘मला द्या’ म्हटले तो तिथेच हलका झाला. म्हणून पक्षाचे निरीक्षक येत तेव्हा त्रिंबकराव सात रस्त्याच्या विश्रामगृहात त्यांच्याशी पाऊसपाण्याच्या गोष्टी करीत, आणि बाहेर झाडाखाली निरीक्षकांच्या माणसाला गुरुलिंग सांगे की तात्या उभेच हायत, गावोगाव सांगून झालंय, आता तुमी न्हाई म्हणलाव तर लोक आमच्या अंगावर येतील. त्यात निम्मे खरे असे. आत निरीक्षक विचारीत, मग तात्या, काय विचार, आणि त्रिंबकराव शांतपणे म्हणत, “पक्ष देईल तो आदेश.” बाहेरचे मागणे आणि आतली विरक्ती ही जोडी इतकी जमून गेली होती की मुंबईत त्याची गंमत सांगितली जाई. आज मात्र त्या जोडीतले अर्धे आपल्याला पाठमोरे बसले आहे, एवढेच त्यांना दिसत होते.

घरी सून तेजश्री व्हरांड्यात उभी होती. मुलगा आदिनाथ पुण्यात आपल्या कारखान्यात रमलेला, त्याला यातले काही नको होते. म्हणून जिल्हा परिषदेची जागा महिलांसाठी सुटली तेव्हा त्रिंबकरावांनी सुनेलाच पुढे केले. तिला भाषण करायला त्यांनीच शिकवले, कुणाच्या घरी पाणी प्यायचे आणि कुणाच्या घरी जेवायचे हेही. ती शिकली. फार लवकर शिकली. हल्ली फाटकाशी आलेली माणसे ‘तात्या आहेत का’ विचारण्याआधी ‘ताई आहेत का’ विचारीत, आणि तात्यांना पाहिल्यावर जरा जास्तच वाकून नमस्कार करीत. “ऊन फार होतं ना बाबा? मी म्हटलं होतं, मी जाऊन येते वळसंगला,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हटले होते खरे. सकाळी तिने तसे म्हटले तेव्हा ते त्यांना प्रेमाने बोललेले वाटले होते. आता तेच वाक्य त्यांनी मनात उलटसुलट करून पाहिले. तिने आमटीतले मीठ कमी केले होते. ड्रायव्हरला हळू चालव म्हणून बजावले होते. गाडी हळू चालली म्हणूनच तर… टेबलावर तिचा मोबाइल पालथा ठेवलेला होता. पूर्वीही तो तसाच असे का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि घरातल्या माणसाच्या इतक्या साध्या सवयीकडे आपण कधी पाहिलेच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ज्या घरात आपण पाहिले नाही त्या घरात काय काय झाले असेल.

रावसाहेबांनी त्यांना एक युक्ती शिकवली होती, माईकच्या प्रसंगाच्या बऱ्याच आधी. दोन विहिरींत दोन रंगांचे पाणी सोडावे आणि कुणाच्या मळ्यात कुठला रंग उगवतो ते पाहावे. त्याच संध्याकाळी त्रिंबकरावांनी तेजश्रीला जवळ बोलावून, आवाज उतरवून सांगितले की तिकीट मिळाले नाही तर मी अपक्ष उभा राहणार आहे, पण हे तुझ्यामाझ्यातच ठेव. तिचा चेहरा क्षणभर रिकामा झाला, मग ती म्हणाली, तसं नाही होणार बाबा. त्या ‘तसं’मध्ये काय काय होते, याचा त्यांना रात्रभर पत्ता लागला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फेरीनंतर ते गुरुलिंगबरोबर सिद्धेश्वराच्या तलावाच्या पायऱ्यांवर बसले. पाणी आटून खाली गेले होते. काठाच्या दगडांवर आधीच्या पाण्याच्या रेघा राहिल्या होत्या. एक बाई पिठाच्या गोळ्या माशांना टाकत होती. पलीकडे कुठेतरी यंत्रमाग सुरू झाले होते, आणि त्यांचा तो कधी न थकणारा खटखटाट पाण्यावरून येता येता मऊ झाला होता.

“गुरुलिंग, थकलो रे,” त्रिंबकराव म्हणाले.

“उन्हाचं असतंय तात्या. ताक पीत जावा.”

“उन्हाचं नाही. पुरे वाटतंय आता. या वेळी नकोच.”

माशांनी पाणी खळबळवले आणि ते परत स्थिर झाले. “खरं म्हणताय?” गुरुलिंगने विचारले, आणि त्याच्या आवाजात इतकी उघडी काळजी होती की त्रिंबकरावांना पाठीचा कणा ताठ ठेवून बसल्याची लाज वाटली. त्यांनी खांदे थोडे खाली सोडले.

“पायऱ्या चढताना धाप लागते. डोकं गरगरतं. पण कुणाला बोलायचं नाही. घरात नाही, मुंबईला नाही. कुणी काही विचारलं तरी तुझ्या तोंडून एक शब्द जाता कामा नये. मी माझा सांगेन, माझ्या वेळेला.”

“न्हाई जायाचा,” गुरुलिंग म्हणाला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि देवळाच्या शिखराकडे पाहिले. “ह्याच्यासमोर सांगतोय.” त्याने शपथ घ्यायला नको होती, असे त्रिंबकरावांना वाटून गेले. मग त्यांना वाटले, शपथ इतक्या सहज घेणारा माणूस ती मोडायची तयारी करूनच घेतो. उठताना गुरुलिंगने त्यांच्या कोपराला आधार दिला. पहिल्यांदाच. त्यांनी तो घेतला नाही, आणि मग, उशिरा, घ्यायला हवा होता हे त्यांना सुचले.

आता फक्त पाहायचे होते. खबऱ्यांकडे कान लावायचे, मुंबईच्या ओळखीच्यांना कारण काढून फोन करायचे, स्थानिक पेपरात कोपऱ्यातली चौकट वाचायची. ‘तात्या अपक्षाच्या पवित्र्यात’ असे उगवले तर सून. ‘तात्या निवृत्तीच्या विचारात’ असे उगवले तर गुरुलिंग. एक दिवस गेला. पेपरात पाणीटंचाई होती, उजनीतला साठा होता, टॉवेलच्या निर्यातीची बातमी होती. दुसरा दिवस तसाच गेला. दरम्यान कोंडीबा घरी येऊन गेला. बुंदीचा डबा आणला, पाया पडला, आणि खाली बसून सांगितले की तात्या, त्या दिवशी लई वंगाळ वाटलं, पण पोरगी उपाशी होती सकाळधरनं, अंतरपाटामागंच चक्कर येऊन बसली, मग पाव्हणी बायामाणसं म्हणाय लागली की आता उरका. मांडवात बोललो नाही, कारण लगेच लोक म्हणले असते नवरीला काय रोग हाय. हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. त्रिंबकरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पोरीची चौकशी केली, डॉक्टरचे नाव सुचवले. आणि तो गेल्यावर डब्याकडे पाहत बसले. लिंबूसरबत पिणारी नवरी त्यांना आठवत होती. कारण खरे असू शकत होते. पण ते फारच पुरेसे होते. त्याला कुठे भोक नव्हते, कुठे शिवण सुटली नव्हती. खऱ्या कारणांना असा आकार नसतो. आणि ते सांगायला तो आज का आला, परवा का नाही, त्याला कुणी पाठवले?

तिसऱ्या दिवशीही कुठल्याच मळ्यात कुठलाच रंग उगवला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला यातून हायसे वाटले असते. त्रिंबकरावांना वाटले नाही. दोन माणसांना दोन गुपिते सांगितली आणि दोघेही गप्प, याचा अर्थ दोघांनी मिळून ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. दोन्ही जुळत नाहीत हे पाहून हसलेही असतील. दुपारी व्हरांड्यात तेजश्री आणि गुरुलिंग हळू आवाजात काही बोलताना त्यांनी जाळीच्या दारातून पाहिले. तिने पदराने कपाळ टिपले. गुरुलिंगने मान हलवली, मग दोन्ही हात जोडले. कशासाठी? ते खाकरले तसे दोघे वळले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव आला. त्या भावाला त्रिंबकरावांना नाव देता येईना. तो कुठेतरी पाहिलेला होता. आजारी माणसाच्या खोलीत शिरताना माणसे दाराशी तो चेहऱ्यावर चढवतात, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आले तेव्हा त्यांनी ते बाजूला सारले.

मुंबईचा फोन त्याच संध्याकाळी आला. पक्षाचे सरचिटणीस होते. जुना माणूस, विश्रामगृहातल्या त्या जोडीची गंमत सगळ्यांना सांगणारा. पाऊसपाणी झाले. तब्येतीची चौकशी झाली, नेहमीपेक्षा जरा खोल. मग तो म्हणाला, “गुरुलिंगला दोन दिवस विचारतोय. काही बोलतच नाही. म्हणतो, तात्यांनाच विचारा. असं कधी झालं नव्हतं. म्हणून तुम्हालाच विचारतो तात्या. काय विचार?”

त्रिंबकरावांच्या हातातला फोन गरम झाला होता. बाहेर कुणीतरी अंगणात पाणी शिंपडले होते आणि तापल्या फरशीचा वास आत येत होता. गुरुलिंग काही बोलला नाही. का बोलला नाही? चाळीस वर्षे जो न विचारता बोलला तो विचारूनही गप्प बसला, म्हणजे ते गप्प बसणे माझ्याविरुद्ध होते. क्षणभर, एकच क्षण, त्यांच्या मनाच्या तळाशी काहीतरी चमकले. तोंड तर मीच बांधले आहे त्याचे. पण त्या चमकेवर लगेच दुसरे पाणी आले. सरचिटणीसाच्या शेजारी कोण बसले आहे? हे बोलणे कोण ऐकते आहे? मला मागायला लावून, मग ‘म्हातारा हात पसरत होता’ असे तर सांगायचे नाही ना यांना? ‘मला हवंय’ हे दोन शब्द होते. ते त्यांच्या घशापर्यंत आले, आणि तिथे त्यांना कळले की हे शब्द आपण उभ्या आयुष्यात कधी उच्चारलेलेच नाहीत. ना पक्षाला, ना बायकोला, ना आईला. त्यांची वाट जिभेला माहीत नव्हती. जिभेला एकच वाट माहीत होती.

“पक्ष देईल तो आदेश,” ते म्हणाले.

मुंबईतल्या त्या खोलीतला पंखा त्यांना ऐकू आला. मग सरचिटणीस सावकाश म्हणाला, “समजलो तात्या. मोठं मन लागतं याला.” आणि फोन ठेवला. मोठे मन कशाला लागते, हे त्रिंबकराव अंधार पडेपर्यंत स्वतःला विचारत राहिले.

यादी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. नाव तेजश्रीचे होते. बातमी त्यांच्या कानावर येण्याआधी फटाके आले, मग हलगी आली, मग माणसे. फाटकातून लोंढा आत शिरला तेव्हा ते आपल्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि पायांत वहाणा होत्या, पहाटेच्या फेरीहून आल्यावर काढायच्या राहिलेल्या. तेजश्री आत आली आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून रडली. “बाबा, मी मागितलं नव्हतं,” ती म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे वाक्य त्यांना पाठ होते. त्याची चाल, त्यातला विराम, ‘नव्हतं’वर उतरणारा आवाज, ते म्हणताना माणूस खोटे बोलत नसतो हेही त्यांना ठाऊक होते, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही. तिचे केस गरम होते. “जा,” ते म्हणाले, “लोक थांबलेत.”

ती गेल्यावर दाराशी गुरुलिंग उभा राहिला. आत ये म्हणेपर्यंत आला नाही. त्रिंबकरावांनी त्याला दार लावून घ्यायला सांगितले. हलगीचा आवाज भिंतीपलीकडे गेला, पण फरशीतून पायांना लागत राहिला. मग त्यांनी विचारले, अगदी शांतपणे, की मुंबईचे फोन आले तेव्हा तू काय सांगितलेस.

“काय सांगणार? तोंड बांधलं हुतं की तुमी,” गुरुलिंग म्हणाला. “तात्यांना इचारा म्हणलो. पुन्यांदा इचारलं, पुन्यांदा तेच म्हणलो.” तो खाली, सतरंजीच्या कडेवर बसला आणि टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. “चाळीस वर्सं तुमच्यासाठनं खोटं बोलत आलो, तात्या. कवा जड गेलं न्हाई. ह्या येळंला खरं हुतं, आन् तेच बोलता येईना. लई जड गेलं बघा.”

त्रिंबकराव त्याच्याकडे पाहत राहिले. चेहरा होता तो, मान नव्हती. दाढीचे पांढरे खुंट, खाली ओघळलेल्या पापण्या, आणि त्या पापण्यांखाली असे काही, जे त्यांनी इतके दिवस सगळीकडे शोधले होते आणि जे आता, त्याचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा, उघड्यावर पडले होते. गुरुलिंग सांगत होता. ताई काल दुपारी व्हरांड्यात आल्या होत्या. पक्षाने त्यांचे नाव विचारले होते. त्यांनी नाही म्हटले होते. बाबा अपक्ष उभे राहतील, घर फुटेल, मला नको, त्यांना तुम्ही समजवा, म्हणून विनवत होत्या. “मी म्हणलो, तात्या न्हाईत उभारणार, घोर नका करू. का म्हणून इचारलं, तर हात जोडलो. तेवढंच बोललो. तेवढं वचन मोडलं आपलं. माफी करा.”

ही परीक्षा होती, एवढे सांगायचे होते. थकलो नाही, धाप लागत नाही, तुझ्यावर संशय होता म्हणून बोललो. वाक्य तयार होते. ते त्यांनी जिभेवर तोलून पाहिले आणि पलीकडचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर दुःख होते, पण त्या दुःखाखाली एक समाधान होते, एवढ्या वर्षांत एकदा तरी तात्यांनी आपल्याला खरे सांगितले, आणि ते आपण सांभाळले, याचे. ते वाक्य बोलले तर एका तिकिटासोबत आणखी एक गोष्ट जाणार होती, आणि ती परत कुठल्याच यादीत येणार नव्हती. की हाही डाव? मनात जुनी पाल चुकचुकली. तो आणि ती, व्हरांड्यात, हात जोडून, सगळे ठरवून? असेलही. असू शकते. त्यांनी त्या शंकेकडे पाहिले; ती गेली नाही, जाणारही नव्हती; एवढेच, की आता तिच्यावर काही अवलंबून नव्हते.

“नाही मोडलं,” त्रिंबकराव म्हणाले. “बरोबर बोललास.”

बाहेरून हाका येऊ लागल्या. तात्यांना बोलवा, आशीर्वाद द्यायला बोलवा, फोटो राहिलाय. गुरुलिंग गुडघ्यांवर हात टेकून उठला, दार उघडले, आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी थांबून मागे वळला. खाली उन्हात डोकीच डोकी होती, आणि मधोमध तेजश्री, गुलालाने ओळखू न येणारी. गुरुलिंगने हात पुढे केला. “धरा,” तो म्हणाला. “पायऱ्या हायत.”

त्रिंबकरावांचे पाय धडधाकट होते. त्या पायऱ्या ते रोज दोन दोन करून उतरत. त्यांनी गुरुलिंगचा हात धरला; आणि मग, त्याला खरे वाटावे म्हणून, त्यावर थोडा भार टाकला.